खवल्या मांजरासारख्या प्राण्याचा मुखवटा: फोम कुठे आणि फायबरग्लास कुठे?

रानवाट

नमस्कार. आम्ही काही मित्र मिळून २० मिनिटांचा एक लघुपट करत आहोत. त्यात कोकणातल्या देवराईची राखण करणारा, माणसाएवढा उंच आणि दोन पायांवर चालणारा एक प्राणी आहे. त्याचे रूप आम्ही खवल्या मांजरावरून घेतले आहे. हा प्राणी संगणकावर तयार करायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरले, कारण झाडांतून झिरपणारा उजेड खऱ्या खवल्यांवर पडलेला आम्हाला हवा आहे. मुखवट्याचे काम माझ्याकडे आहे.

पहिल्या प्रयत्नात मी थर्मोकोलच्या ठोकळ्यातून डोके कोरले आणि त्यावर काचेच्या तंतूंची मॅट पसरून साधे पॉलिएस्टर रेझिन लावले (फायबरग्लास या दोन्हींचाच होतो). काही मिनिटांतच थर्मोकोल आतून विरघळू लागला आणि तीन दिवसांचे कोरीवकाम खचले. दुसऱ्या वेळी प्लास्टरचे डोके करून त्यावर ४५० ग्रॅमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढ्या वजनाच्या) मॅटचे तीन थर दिले. कवच उत्तम निघाले, पण त्याचेच वजन २ किलो १०० ग्रॅम भरले आणि वर फोमचे मुस्कट व खवले चिकटवल्यावर ते ३ किलोंच्या पुढे गेले. आमच्या नटाने ते डोक्यावर चढवले तेव्हा दहाव्या मिनिटाला त्याची मान भरून आली, शिवाय त्याला समोरचे जवळपास काहीच दिसत नव्हते.

कवच पातळ केल्यास ते तडकेल का? फायबरग्लास पूर्ण सोडून केवळ फोमवर भागेल का? एका दृश्यात हा प्राणी पऱ्यात (ओढ्यात) उतरून पाण्यात डोके घालतो, हेही कृपया लक्षात घ्यावे.

तंतुकाम

आपले रेझिन खराब नव्हते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन हे द्रावक असते आणि थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनच, त्यामुळे ते विरघळणारच. एपॉक्सी रेझिन वापरले असते तर ठोकळा टिकला असता. फोम चिकटवायला आपण जे सिंथेटिक रबराचे अॅढेसिव्ह वापरता, तेही थर्मोकोलला खाते, तेव्हा पुढच्या वेळी तिथेही जपावे.

आता वजनाकडे येतो. मॅटच्या वजनाच्या साधारण अडीचपट रेझिन लागते. ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर म्हणजे दर चौरस मीटरला १,३५० ग्रॅम काच आणि ३,३७५ ग्रॅम रेझिन, एकूण ४,७२५ ग्रॅम. आपल्या मुखवट्याचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर धरले तर १,८९० ग्रॅम होतात. आपले २,१०० भरले, याचा अर्थ वरचे २०० ग्रॅम रेझिन निव्वळ जास्तीचे आहे आणि त्याने ताकद वाढत नाही. प्रमाणापेक्षा जास्त रेझिन असलेला थर उलट ठिसूळ होतो.

माझ्या मते खरी चूक थरांच्या संख्येत नसून फायबरग्लास कुठवर न्यावे, यात आहे. प्राण्याचे अख्खे डोके कठीण असण्याची काहीच गरज नाही. कठीण भाग हवा तो फक्त नटाच्या डोक्यावर घट्ट बसणारी टोपी म्हणून, म्हणजे कपाळापासून मागे डोक्याच्या सर्वांत रुंद भागापर्यंत. मुस्कट, गाल, गळा हे सगळे फोमचे असावे आणि त्या टोपीवर तोललेले असावे. टोपीचे क्षेत्रफळ सुमारे ०.१५ चौरस मीटर होईल. त्यावर ३०० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर दिले तर तिचे वजन ३१५ ग्रॅमच्या आसपास भरेल. ती तडकणार नाही, कारण घुमटाकार आकारालाच मोठी ताकद असते. फक्त कडेला सेंटिमीटरभर रुंदीची दुमड ठेवावी आणि जिथे नटबोल्ट किंवा पट्टे येतील तिथे मॅटचा तळहाताएवढा तिसरा तुकडा द्यावा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात कोबाल्ट आणि हार्डनर असे दोन द्रव घालतात. ते एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्यांचा भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे, त्यानंतरच हार्डनर घालावा, आणि दोन्ही बाटल्या व त्यांची मापे वेगळी ठेवावीत. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के पुरतो. स्टायरीनच्या वाफांसाठी कापडी मास्क निरुपयोगी आहे, सेंद्रिय वाफांचे काडतूस असलेलाच मास्क लागतो. घासकाम करताना अंगावर बसलेली काचेची धूळ गार पाण्याने आणि न चोळता धुवावी. हे सारे काम पावसाळ्याआधी उरकलेले बरे, कारण ओलसर मॅट पांढुरकी पडते आणि थर एकमेकांना धरत नाहीत.

शाडूचा गोळा

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात माती आणि साच्याचे काम करतो, म्हणून ज्यावर टोपी घडवायची त्या डोक्याच्या ठोकळ्यापुरतेच लिहितो. नटाच्या चेहऱ्याचा साचा घेण्याच्या फंदात पडू नये. टोपीसाठी त्याची गरज नाही, आणि प्लास्टर घट्ट होताना इतके तापते की ते थेट कातडीवर थापणे धोक्याचे आहे. नटाच्या डोक्याचा कपाळावरचा घेर, कानापासून कानापर्यंतचे डोक्यावरून अंतर आणि कपाळ ते मान ही लांबी टेपने घ्यावी आणि शाडूत तेवढे डोके घडवावे. मग त्यावर सगळीकडून १२ मिलिमीटरची भर द्यावी. ही भर आतल्या गादीसाठी आणि हवेसाठी असते. ती विसरली की टोपी डोक्यावर चढतच नाही.

ओल्या शाडूवर रेझिन चढवू नये, ओलीमुळे ते नीट घट्ट होत नाही. शाडूवरून प्लास्टरचा दोन तुकड्यांचा साचा घ्यावा, त्यात प्लास्टरचेच भरीव डोके ओतावे आणि ते खडखडीत वाळू द्यावे. फायबर ठोकळ्याला चिकटू नये म्हणून वाळल्यावर लाखेचे दोन-तीन हात, त्यावर वॅक्स पॉलिशचे चार-पाच हात आणि शेवटी पीव्हीएचा (वाळून पातळ पापुद्रा होणाऱ्या द्रवाचा) पातळ थर. फायबर या डोक्याच्या बाहेरून चढवावे, म्हणजे गुळगुळीत बाजू नटाकडे येते आणि खरखरीत बाजू बाहेर राहते. फोम तिथेच चांगला धरतो.

रानवाट

दोघांचेही मनापासून आभार. टोपीचा विचार मला सुचलाच नव्हता, मी डोके म्हणजे एकच वस्तू धरून चाललो होतो. आता मुस्कट कशाचे करावे? माझ्याकडे गादीवाल्याकडून आणलेला स्पंजसारखा फोम आहे आणि ईव्हीए फोमच्या ३ व १० मिलिमीटरच्या शीट आहेत. जबडा उघडझाप करणारा असावा, असे दिग्दर्शकाचे म्हणणे आहे.

तंतुकाम

पाण्यात डोके घालायचे असेल तर गादीचा फोम वापरू नये. त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो पाणी पितो आणि जड होतो. ईव्हीएची छिद्रे बंद असतात, म्हणून तो पाणी शोषत नाही, पण तरंगतो, आणि त्याचाही विचार करावा लागतो. १९५४ सालच्या ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ या चित्रपटात जमिनीवर बेन चॅपमन आणि पाण्याखाली रिको ब्राउनिंग, असे दोन वेगळे नट त्या प्राण्याच्या पोशाखात होते. पोशाख फोम रबराचा होता, आणि ब्राउनिंग श्वास रोखून पोहत असत. आपले दृश्य उथळ पाण्यातले आहे, तरीही मुस्कट वर उचलले जाईल आणि नटाच्या मानेला उलटा झटका बसेल. पाण्यापुरते मुस्कटाच्या तळाशी काढता येईल असे वजन बांधावे.

मुस्कटाचे तुकडे कापण्याचा नमुना काढण्यासाठी प्लास्टरच्या ठोकळ्यावर कागदाच्या लगद्याने किंवा मातीने मुस्कटाचा आकार द्यावा, त्यावर स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळून चिकटपट्टी लावावी, शिवणी पेनाने आखाव्यात आणि कापून तुकडे सपाट करावेत. ते तुकडे १० मिलिमीटरच्या शीटवर उतरवावेत. अॅढेसिव्ह दोन्ही कडांना लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबून मगच जोड द्यावा. घाई केलेले जोड नेमके चित्रीकरणाच्या दिवशी सुटतात.

खवल्यांसाठी ३ मिलिमीटरची शीट घ्यावी. प्रत्येक खवल्यावर कटरने उभ्या रेघा पाडून हीट गन फिरवली की रेघा आपोआप उघडतात आणि पृष्ठभाग बंद होऊन कडक दिसतो. खवल्यांची मोकळी टोके मागे वळलेली असतात, म्हणून लावताना मानेकडून सुरुवात करून नाकाकडे यावे, जशी कौले वळचणीकडून आढ्याकडे रचत जातात. उलट दिशेने सुरुवात केली तर प्रत्येक खवला पुढच्याच्या खाली सरकवत बसावे लागेल.

जबड्याबद्दल दिग्दर्शकांना एवढेच सांगावे की खवल्या मांजराला दात नसतात. त्याचे तोंड लहान असते आणि जीभ लांब. बिजागऱ्या आणि हनुवटीचा पट्टा यांचे वजन वाचवून लवचीक जीभ केली तर ती अधिक खरी वाटेल.

मुखवट्याआड

मी बालनाट्यांमध्ये आणि जाहिरातींमध्ये असे पोशाख घालून कामे केली आहेत. वरची चर्चा वाचून आनंद झाला, मात्र आत असणाऱ्या माणसाच्या बाजूने काही सांगणे मला आवश्यक वाटते.

नटाला प्राण्याच्या डोळ्यांतून बघायला लावू नये. खवल्या मांजराचे डोळे बारीक आणि बाजूला असतात, तिथून माणसाला वाट दिसत नाही. मुस्कट जिथे कपाळाला मिळते, तिथे खवल्यांच्या दोन ओळींच्या मध्ये बोटभर रुंदीची आडवी फट ठेवावी आणि तिला आतून काळी जाळी लावावी. मुखवट्याचा आतला सगळा भाग काळा रंगवावा. आत अंधार असला की बाहेरच्याला जाळीमागचे काही दिसत नाही आणि नटाला मात्र स्पष्ट दिसते. पायाखालचे दिसावे म्हणून मुस्कटाच्या खालच्या बाजूलाही अशीच एक फट असावी, विशेषतः देवराईत, जिथे मुळे वर आलेली असतात.

हवेसाठी ५ व्होल्टवर चालणारे दोन छोटे पंखे पुरतात. गरम हवा वर चढते, म्हणून पंखे मुखवट्याच्या माथ्याजवळ बसवून ती बाहेर खेचावी आणि ताजी हवा मुस्कटाखालून येऊ द्यावी. पॉवर बँक कमरेला बांधावी. पंख्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो, त्यासाठी बंद करण्याचे बटण नटाच्या हाताशी असावे. पाण्याच्या दृश्याआधी मात्र पंखे, तारा आणि पॉवर बँक पूर्ण काढून ठेवावे.

मुखवटा नटाला स्वतःच्या हातांनी, कोणाच्याही मदतीशिवाय, काही सेकंदांत काढता आला पाहिजे. आपल्या नटाच्या हातात नखांचे मोजे असतील, तर त्या मोज्यांसकट हे जमते का, ते आधी कोरड्या जमिनीवर दहा वेळा करून पाहावे आणि मगच त्याला पऱ्यात उतरवावे. मागे वेल्क्रोची एकच रुंद पट्टी ठेवावी, बकल नको. पाण्यात एक माणूस कायम त्याच्या हाताच्या अंतरावर असावा, मग त्यासाठी चित्रचौकट थोडी लहान करावी लागली तरी चालेल.

रानवाट

फट आखून पाहिली. कपाळाजवळच्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये ती नेमकी नटाच्या डोळ्यांसमोर येते. पाण्याच्या दृश्यासाठी पंखे नसलेला, तळाशी वजन बांधलेला दुसरा मुखवटा करण्याचे ठरवले आहे. प्लास्टरचे डोके सध्या उन्हात वाळत आहे. रंगाबद्दल शेवटचे विचारतो: खवल्यांवर साधा अॅक्रिलिक रंग थेट द्यावा का?

तंतुकाम

थेट देऊ नये, फोम वाकला की त्याचे पोपडे निघतात. आधी पातळ केलेल्या रबर लॅटेक्सचे तीन-चार हात स्पंजने टिपून द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. मूळ रंग शेवटच्या हातातच मिसळावा. लॅटेक्स वाळल्यावर गडद होतो, म्हणून रंग दोन छटा फिका ठेवावा. त्यानंतर खवल्यांच्या खाचांत पातळ काळपट तपकिरी रंग सोडून वरून ओल्या फडक्याने पुसावा, म्हणजे तो खाचेत राहील आणि कडा उजळ दिसतील. एका जादा खवल्यावर हे सगळे आधी करून तो देवराईत नेऊन बघावा, कारण दिव्याखाली जुळवलेला तपकिरी रंग झाडांच्या हिरव्या उजेडात वेगळाच दिसतो.