‘परस्पर विमा’, ‘तकाफुल’ आणि जामीन राहणं

विचारणा (ठाणे, नौपाडा)

नमस्कार मंडळी. आमच्या पतपेढीच्या सभासद शिबिरासाठी सहकारी विम्यावरचं एक टिपण मराठीत करायचं काम माझ्याकडे आहे. ‘म्युच्युअल इन्शुरन्स’ला, म्हणजे विमा उतरवणारे सभासदच जिथे मालक असतात त्या विम्याला, मी ‘परस्पर विमा’ लिहिलं आणि छापायला देण्याआधी आमच्या वसुली टेबलावरच्या बाईंना वाचायला दिलं. त्यांनी तिथेच बोट ठेवलं. “परस्पर म्हणजे? सभासदाला न विचारताच काढला का विमा?”

त्यांचं बरोबर आहे. ‘जमीन परस्पर विकली’, ‘खात्यातून पैसे परस्पर काढले’ हाच रोजच्या बोलण्यातला ‘परस्पर’. ‘परस्परांचा’मध्ये एकमेकांचा अर्थ टिकून आहे, पण नुसत्या ‘परस्पर’ला आता पाठीमागून केल्याचा वास येतो.

त्याच टिपणात पुढे ‘तकाफुल’ आलंय. ‘इस्लामी विमा’ लिहून मोकळं होता येईल, पण मग टिपणाचा मुद्दाच हरवतो. आयसीएमआयएफ हा सहकारी आणि म्युच्युअल विमा संस्थांचा जागतिक महासंघ १९२२ पासूनचा. तकाफुल कंपन्याही त्याच्या सभासद आहेत. त्या एका छत्राखाली का आल्या, हे शब्दातूनच कळावं असं मला वाटतं. काय सुचवाल?

उत्तर (मुंब्रा, कौसा)

ताई, आमच्या इमारतीत ‘कफील’ शब्द लहान पोरांनाही माहीत आहे. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी आखातात राहून आलंय. तिथे ज्याच्या जबाबदारीवर तुमचा व्हिसा असतो, तो कफील. तकाफुल त्याच क-फ-ल धातूचा आहे.

फरक मात्र मोठा. कफील आणि त्याचा माणूस यांच्यात जबाबदारी एकाच बाजूनं असते. अरबीत धातूला आधी ‘त’ लागला आणि मध्ये ‘आ’ आला, की बहुतेक वेळा ती क्रिया दोन्हीकडून होते. ‘औन’ म्हणजे मदत, ‘तआवुन’ म्हणजे एकमेकांना मदत, सहकार. तसंच ‘कफाला’ म्हणजे जामीनकी आणि ‘तकाफुल’ म्हणजे एकमेकांना जामीन राहणं. सौदी अरेबियात २००३ साली विम्याचा कायदा झाला, त्यात ‘तअमीन तआवुनी’ असा शब्द आहे. सरळ मराठीत सहकारी विमा.

जाता जाता, ‘तअमीन’ हा अ-म-न धातूचा. आपण भाड्याच्या घरासाठी जी अनामत भरतो, ती ‘अमानत’चीच उलटापालट. ‘जामीन’ही अरबीच. तेव्हा ‘जामीन’ लिहिलंत तर परका शब्द आणल्यासारखं होणार नाही, त्याचा मुक्काम इथे फार जुना आहे.

उत्तर (वाशी)

विम्याच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नेहमीच्या विम्यावर इस्लामी विधिशास्त्राचे आक्षेप तीन: ‘गरर’ म्हणजे व्यवहारातली अनिश्चितता, ‘मैसिर’ म्हणजे जुगार आणि ‘रिबा’ म्हणजे व्याज. तुम्ही कंपनीला पैसे देऊन जोखीम विकता, इथेच त्यांची हरकत आहे. जोखीम विकली नाही, आपसांत वाटून घेतली, तर ती हरकत उरत नाही. १९८५ मध्ये जेद्दाच्या फिक्ह (इस्लामी विधिशास्त्र) अकादमीनं ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा अमान्य केला आणि देणगी व सहकार्याच्या पायावरचा सहकारी विमा पर्याय म्हणून मान्य केला. त्याआधी १९७९ मध्ये सुदानमध्ये इस्लामी विमा कंपनी निघाली होती आणि १९८४ मध्ये मलेशियानं तकाफुलचा कायदाही केला होता. म्हणजे सहकारी चळवळीशी जवळीक नंतर जुळवलेली नाही, ती मान्यतेच्या पायातच आहे.

म्हणूनच ‘हप्ता’ लिहू नका. मूळ शब्द ‘तबर्रु’, आपखुशीनं दिलेलं. ‘दान’ही नको, दान दिलं की संबंध संपला. ‘वर्गणी’ चपखल बसेल: देताना ती सगळ्यांची होते आणि अडचणीत आपलाही तिच्यावर हक्क असतो. निधीत तूट आली तर चालवणारी कंपनी ‘कर्ज हसन’ देते, बिनव्याजी. त्याला आपला ‘हातउसने’ आहेच. वर्षअखेरीस उरतं त्याला ‘नफा’ म्हणू नका, ‘वाढावा’ म्हणा.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. दोन्ही एकच असं छापू नका. म्युच्युअलमध्ये विमा उतरवणारे सभासदच मालक, मत त्यांचं. तकाफुल बहुतेक ठिकाणी भागधारकांची कंपनी चालवते. ‘वकाला’ पद्धतीत ती ठरलेलं शुल्क घेते आणि वर्गणीचा निधी भागधारकांच्या पैशापासून वेगळा ठेवते. वर्गणीदाराला सभेत मत असेलच असं नाही. सहकारी चळवळीनं तकाफुलला काही द्यायचं असेल तर ते हे मत आहे, असं मला मनापासून वाटतं.

भारतात तकाफुलचा वेगळा कायदा नाही. ‘म्युच्युअल’ मात्र मुंबईला नवा नाही; बॉम्बे म्युच्युअल ही आयुर्विमा सोसायटी १८७० च्या सुमाराची, १९५६ मध्ये ती एलआयसीत गेली.

शंका (कळवा)

‘जामीन’ वाचलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोर्ट येईल, त्याचं काय?

विचारणा करणारीकडून

कोर्टात जामीन ‘मिळतो’ किंवा ‘होतो’. पतपेढीत माणूस जामीन ‘राहतो’. क्रियापदावरूनच अर्थ वेगळा होतो, म्हणून नाम एकटं न ठेवता ‘जामीन राहणं’ असंच लिहीन.

कौशाच्या सरांचा शब्द वाचला आणि मी कपाटातली एक फाइल काढली. कर्जाच्या अर्जाच्या मागच्या पानावर दोन जामीनदारांच्या सह्या. त्यातल्या एकाच्या स्वतःच्या अर्जावर वर्षभरानं पहिल्या कर्जदाराची सही, त्याच निळ्या शाईत. तो पहिला कर्जदार मागच्या वर्षी वारला. त्याचं उरलेलं कर्ज कर्जनिवारण निधीतून भागलं. त्या निधीत प्रत्येक सभासदाच्या पगारातून थोडी थोडी कपात होते. वसुलीची नोटीस ना त्याच्या बायकोला गेली, ना जामीनदारांना.

आता टिपणातलं वाक्य असं केलंय: “तकाफुल म्हणजे वर्गणीदारांनी एकमेकांना जामीन राहणं, नुकसान कुणा एकाचं, भरपाई सगळ्यांच्या निधीतून.” ‘परस्पर विमा’ खोडून ‘सभासदांचा आपसांतला विमा’ केलं. मताच्या हक्काचा फरक खाली वेगळ्या परिच्छेदात घेते. वसुली टेबलावरच्या बाईंना उद्या परत वाचायला देणार आहे.