मुलांच्या नाट्यवर्गाची फी थकतेय, आधी काय कापावं? (सोलापूर)

पूर्वभागवाला

पूर्व भागात १२ ते १८ वयाच्या मुलांचा नाट्यवर्ग आहे. पट ३४. शनिवार-रविवार मिळून महिन्याला ८ तासिका, वर्षातले १० महिने. फी ६०० रुपये, पण नियमित येते ती १९ जणांचीच, म्हणजे ११,४००. खर्च: हॉलचं भाडं ६,०००, दोन प्रशिक्षकांचे मिळून ८,०००, वीज-झेरॉक्स-चहा १,५००. दर महिन्याला ४,१०० चा खड्डा. त्यात वार्षिक प्रयोगाला ६२,००० लागतात आणि स्मरणिका व तिकिटं धरून ३५,००० परत येतात.

बहुतेक पालक यंत्रमाग, गारमेंट नाहीतर विडीच्या कामावर. मागाला काम कमी आहे, त्यामुळे फीवाढीचं नाव काढता येत नाही. समितीत दोन मतं आहेत: फी सरसकट ४०० करा, किंवा एक प्रशिक्षक कमी करा. जाणकारांनी सांगावं.

खातेवही

दोन्ही नको. सरसकट ४०० केलीत तर आज ६०० देणारे १९ जण ४०० देतील, म्हणजे हातात ७,६००. उरलेले १५ लगेच द्यायला लागतील असं धरू नका. आणि ३४ मुलं एका प्रशिक्षकावर टाकलीत तर निम्मी पोरं भिंतीला टेकून बसतात, मग देणाऱ्यांचीही गळती लागते.

१५,५०० ला ३४ ने भागा. एका मुलामागे खर्च ४५६. म्हणजे दर चुकलेला नाही, वसुली चुकतेय. फीचे तीन टप्पे करा: ६००, ३५० आणि १००. कुठला टप्पा परवडतो ते पालकांनीच चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात द्यायचं. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, त्या एका कागदापायी पोरं सुटतात. समजा १६, १२ आणि ६ अशी वाटणी झाली, तर ९,६०० अधिक ४,२०० अधिक ६००, एकूण १४,४००. पूर्ण फुकट कोणालाच ठेवू नका. शंभर रुपये भरणारा पालक गैरहजेरीचा निरोप तरी देतो.

ज्या घरात पगार आठवड्याला होतो, तिथे महिन्याची रक्कम एकदम निघत नाही. ३५० वाल्यांकडून दर शनिवारी ९० घ्या. पैसे घेणारा माणूस शिकवणाऱ्यांपैकी नको, आणि वही वर्गात उघडायची नाही. दोन महिन्यांपेक्षा जास्त थकलं की मूल यायचंच बंद होतं. त्याला नाटकाचा कंटाळा आला असं आपण म्हणतो, खरं तर लाजेनं येत नाही. दोन महिन्यांवरची बाकी सरळ काट मारा, आणि तसं पालकांना फोन करून सांगा.

प्रशिक्षकांचं मानधन महिन्यावर न ठेवता तासिकेला ५०० ठेवा, पण महिन्याला किमान ६ तासिकांची हमी द्या. हमी न देता नुसता तासिकेचा दर लावलात तर चांगला माणूस सणासुदीला दुसरीकडं जातो.

आता भाडं. शनिवारी दुपारी आणि रविवारी शाळा रिकामीच असते. भाड्याऐवजी त्यांचं गॅदरिंग बसवून द्यायचं, असा लेखी करार करा. तोंडी ठेवलंत तर मुख्याध्यापक बदलले की करार संपला. कुलूप उघडायला येणाऱ्या शिपायाला दर खेपेला १५० द्या, ८ खेपांचे १,२००. हा पैसा वाचवायला जाऊ नका, पहिल्याच महिन्यात किल्ली सापडेनाशी होते. बाकं हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि तशीच परत लावा. तक्रार येते ती सोमवारी सकाळी, आणि ती बाकांचीच असते.

एवढ्यानं महिन्याचा खर्च १०,७०० वर येतो. १४,४०० पैकी तीन चतुर्थांशच जमले तरी १०,८००, म्हणजे जेमतेम तोंडमिळवणी.

विंगेतला

वर्गाचा प्रश्न सुटला, पण पैशाची खरी गळती प्रयोगाला आहे. एका संध्याकाळी २७,००० जातात, आणि ते वाचवायला कोणी बघत नाही कारण हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग म्हटलं की पोरांचे डोळे चमकतात. मोठं नाट्यगृह स्पर्धेसाठी ठेवा की. वार्षिक प्रयोग शाळेच्याच हॉलमध्ये, २५ मिनिटांच्या चार एकांकिका. प्रत्येकीत ८-९ पोरं, म्हणजे गर्दीत भाला धरून उभं राहायची पाळी कोणावरच येत नाही.

लाइटचं नीट ऐका, घोळ इथेच होतो. हजार वॅटचे हॅलोजन भाड्यानं आणू नका. १५ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टवर ३,४५० वॅट देतो, म्हणजे फक्त तीन हॅलोजन. वर्गातला साधा ६ अँपिअरचा पॉइंट तर १,३८० वरच संपतो. तिथे दोन लावले की एमसीबी पडणार, तेही ऐन प्रवेशात. ५४ दिव्यांचा एलईडी पार (रंगमंचावरचा गोल डब्यासारखा लाइट) साधारण १५० वॅट घेतो. तसे सहा मिळून ९०० झाले. पण ते जुन्या डिमर पॅकला, म्हणजे हॅलोजन मंद-प्रखर करायच्या डब्याला, जोडायचे नाहीत. डिमर व्होल्टेज कापतो, एलईडी फडफडतो आणि आतलं ड्रायव्हर सर्किट जळतं. थेट वीज द्या, कमी-जास्त डीएमएक्सवरून, म्हणजे लाइटला वेगळ्या वायरीनं सूचना देणाऱ्या बोर्डवरून, करा.

दुसरं म्हणजे नुसते लाल-हिरवे-निळे पार घेतलेत तर पांढरा केला तरी तोंडं जांभळट दिसतात. मग मेकअपवाल्याला शिव्या बसतात बिचाऱ्याला. समोरून दोन्ही बाजूंनी तिरके, साधारण ४५ अंशांवर, चार वॉर्म व्हाइट लावा. रंगीत दोनच, तेही मागून.

शाळेच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, शब्दांची शेवटची अक्षरं कळत नाहीत. आपल्या गावात याला स्वस्त उपाय आहे: डाग पडलेल्या जाड चादरी. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, चुण्या पाडून दुहेरी टांगा. भिंतीला चिकटवल्यात तर उपयोग निम्मा होतो. चादर उलटी केली तरी नक्षी असतेच, म्हणून प्रेक्षकांच्या बाजूला काळं कापड हवंच.

कपड्यांसाठी गारमेंटवाल्यांकडे जून उलटल्यावर जा. शाळा उघडायच्या आधी युनिफॉर्मचा सीझन असतो, तेव्हा कोणाला बोलायलाही सवड नसते. मागताना यादी द्या: राखाडी पँट, कमर २६ ते ३२, प्रत्येकी तीन, रिजेक्ट चालतील. 'काही असेल तर द्या' म्हटलं की गोणीभर कटपीस येतात आणि वर्षभर उंदीर सांभाळावे लागतात. त्या पँटवर उपरणं, जाकीट, टोपी बदलत गेलात की चारही एकांकिका निघतात.

मखमली

कागदपत्रांचं थोडं. लोकांसमोर प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत झालेली हवी, आणि लेखकाची परवानगी लेखी. हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

स्मरणिकेतली जाहिरात आणि देणगी यांची गल्लत करू नका. जाहिरात छापली तर बिल द्यायचं, व्यापारी ते धंद्याच्या खर्चात दाखवतो. देणगीला ८०जी ची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात वजावट मिळवून देणारी पावती, तीही संस्थेकडे ती नोंदणी असेल तरच. २,००० च्या वरची देणगी रोखीत दिली तर देणाऱ्याला वजावट मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआयच मागा.

राज्य बालनाट्य स्पर्धेत उतरा जरूर, मोठा रंगमंच पोरांना तिथे मिळतो. पण तिथून येणारे पैसे खात्यात जमा होईपर्यंत हिशेबात धरायचे नाहीत.

आणि चारपैकी एका एकांकिकेत घरातली बोली तेलुगू ठेवून बघा. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजी-आया स्वतःहून येतील, तिकिटं खपवायला पोरांना दारोदार पाठवावं लागणार नाही.

पूर्वभागवाला

टप्प्यांची पाकिटं या शनिवारीच वाटतो. शाळा बघितली आहे, पण ती बोर्डाचं केंद्र आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्ग मिळणार नाहीत म्हणाले.

विंगेतला

ते करारातच लिहून टाका, नाहीतर दरवर्षी ऐनवेळी पळापळ. तुमच्याकडेही दहावी-बारावीची मुलं असणारच, त्यांना तसंही सोडावं लागेल. उरलेल्यांसाठी त्या दोन महिन्यांपुरतं एखादं समाजमंदिर बघा, पंखे असलेलं. मार्चमध्ये पत्र्याखाली दुपारी तीनला पोरं अर्ध्या तासात गळून जातात, तेव्हा तासिका सकाळी साडेसातला. हालचाली बसवू नका, तिथे मापं वेगळी असतात आणि परत शाळेत आल्यावर सगळं मोडावं लागतं. नुसतं वाचन, पाठांतर आणि आवाजाचं काम घ्या. शाळेतल्या स्टेजची लांबी-रुंदी मात्र आत्ताच टेपनं मोजून ठेवा.