कमाल वजन: इंजिनापेक्षा सांगाडा पाहा

‘विमानाला जास्त ताकदीचं इंजिन बसवलं की त्याचं उड्डाणाचं कमाल वजन वाढवता येईल’ हे मत मला धोक्याचं वाटतं. इंजिनाने चढाई सुधारते; पंखाचा स्पार (पंखाचा भार पेलणारा मुख्य दांडा) आणि लँडिंग गिअर (उतरण्याची चाकं आणि त्यांचे पाय) तेच राहतात. सेसना १७२एन हे छोटं विमान घ्या. नॉर्मल वर्गात (साध्या उड्डाणासाठी) कमाल २३०० पौंड आणि ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भाराची मर्यादा; यूटिलिटीत (जास्त तीव्र हालचालींसाठी) २००० पौंड आणि ४.४ जी. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे पंखांवरचा भार ८७००-८८०० पौंडांच्या आसपासच येतो! म्हणजे वाढीव वजन सांगाड्याच्या राखीव ताकदीतून घेतलेलं असतं. शिवाय वजन १० टक्के वाढलं की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल पुरत नाही तो वेग) सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, आणि उतरल्यावर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास २१ टक्क्यांनी. म्हणून मंजूर एसटीसीशिवाय (विमानातल्या बदलाला विमान-नियामकाने दिलेलं प्रमाणपत्र) एक पौंडही वाढवू नका, कळकळीने सांगतो.