मदत हवी आहे: गटारीनंतर मिस्टर एकदम दारू बंद करणार, घरी सांभाळता येईल का?

निशिगंधा
नमस्कार. आम्ही विक्रोळीला राहतो. एक खोली, वर पोटमाळा, संडास गॅलरीच्या टोकाला. घरात मी, मिस्टर (वय ४४), सासूबाई आणि आठवीतला मुलगा. मिस्टर सात-आठ वर्षं रोज घेतात. सध्या संध्याकाळी दोन क्वार्टर आणि सकाळी कामावर निघायच्या आधी एक नाइंटी. ती पोटात गेली नाही तर दाढी करताना हात थरथरतो. रविवारी गटारी करायची आणि सोमवारपासून श्रावणभर थेंब नाही, असं त्यांनी स्वतःहून ठरवलंय. मी चार दिवस रजा टाकली आहे. तयारी काय करू? ग्लुकोज पावडर आणून ठेवू का? नाक्यावरचे डॉक्टर म्हणतात, सलाईन लावतो, माणूस ताजातवाना होईल. सासूबाईंनी कुणाकडून तरी एक पावडर मागवलीय, चहातून न कळत द्यायची. दारू किती वाईट हे कृपया सांगू नका, ते घरात रोज होतं.

वॉर्ड_नं_चार
ताई, आधी हिशेब. दोन क्वार्टर (प्रत्येकी १८०) आणि एक नाइंटी (९०) म्हणजे ४५० मिली. व्हिस्की-रमचं प्रमाण ४२.८ टक्के धरलं तर रोज सुमारे १५० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. त्यात सकाळचा उतारा लागतोय, म्हणजे मेंदूला सवय नव्हे, गरज लागली आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते, आणि त्या दाबाखाली काम करायला मेंदू वर्षानुवर्षं स्वतःची उत्तेजना वाढवत नेतो. दाब एका रात्रीत काढला की वाढवलेली उत्तेजना तेवढी उरते. थरथर, घाम, फिट, भ्रम हे सगळं त्यातूनच येतं. मनाचा निश्चय कितीही पक्का असला तरी फिट त्याने थांबत नाही.

रविवारी रात्री अकराला शेवटचा पेग धरा. सोमवारी पहाटेपासून थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड. फिटचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत, म्हणजे सोमवार उजाडल्यापासून मंगळवारी रात्रीपर्यंत. मंगळवारी संध्याकाळी पुष्कळदा माणूस जरा सावरलेला दिसतो, वरण-भात खातो आणि घरचे निर्धास्त झोपतात. खरी जोखीम त्यानंतरची आहे. ४८ ते ९६ तासांत, म्हणजे मंगळवार रात्र ते गुरुवार रात्र, ज्याला आम्ही डीटी (डिलिरियम ट्रेमेन्स, दारू तुटल्यावरचा भ्रम) म्हणतो ते सुरू होऊ शकतं: ताप, दरदरून घाम, नाडी १२०च्या पुढे, चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचणं, बायकोला न ओळखणं. उपचार मिळाले नाहीत तर यात माणसं दगावतात.

हाड मोडून ॲडमिट झालेला पेशंट तिसऱ्या रात्री अचानक बेड सोडून पळतो, त्यातल्या अनेकांचं कारण हेच असतं. दारूचं कुणी विचारलेलं नसतं आणि घरच्यांनी लाजेने सांगितलेलं नसतं.

म्हणून तीन प्रश्न. पूर्वी कधी एक-दोन दिवस बंद केली होती का, तेव्हा काय झालं? डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पायाला सूज, काळी शौच यातलं काही? शुगर, बीपी, फिटच्या गोळ्या चालू आहेत का?

केमिस्ट_रात्रपाळी
पावडरीबद्दल मी लिहितो. पुडीवर नाव नसेल तर ती आजच कचऱ्यात. अशा औषधांत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना दारू गेली की तोंड लालभडक होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. हृदय किंवा लिव्हर कमजोर असेल तर जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, आणि शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास गेल्यावर. सासूबाई शनिवारी चहात घालणार आणि रविवारी गटारी, हे गणित डोळ्यांसमोर आणा. शिवाय थरथर आणि फिट यांवर त्याचा शून्य उपयोग.

दुसरं, शेजारच्या काकूंच्या झोपेच्या गोळ्या मागून आणू नका. दारू सोडवताना देतात त्या गोळ्या त्याच जातीच्या असतात हे खरं. पण कोणती, किती आणि किती दिवसांत कमी करायची हे डॉक्टर लिव्हर बघून ठरवतात. लिव्हर खराब असेल तर काही गोळ्या अंगात साठत जातात. वरून चोरून क्वार्टर घेतली तर झोपेतच श्वास मंदावतो.

सिस्टर_पंचवीस_वर्षं
सलाईनचं कुणी बोललं नाही अजून. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, जवळजवळ संपलेलं असतं. जेवण कमी आणि आतड्यातून शोषणही कमी. साखर जाळायला शरीराला थायामिन लागतं. अशा माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायामिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळे स्थिर राहत नाहीत, चाल झोकांडते, गोंधळ उडतो. लोकांना वाटतं, अजून उतरली नाही. वेळेत लक्षात आलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "आधी थायामिनचं इंजेक्शन देणार ना?" उत्तर चाचरत आलं तर उठा. ग्लुकोज पावडरीचंही तेच, ती ताजेपणाचं औषध म्हणून पाजत बसू नका. (साखर खरोखर खूप खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोज अडवून धरायचं नाही, ते बघायला हॉस्पिटल आहे.)

पावसाळा आहे म्हणून आणखी एक. थरथर, घाम आणि ताप बघून घरचे मलेरिया समजतात आणि पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढतात. मलेरिया, लेप्टो असूही शकतो. पण दारू बंद केल्यापासून चार दिवसांत ताप आणि बडबड एकत्र दिसली तर घरी काढायचा तो ताप नाही.

निशिगंधा
सगळ्यांचे आभार. पावडर फेकली, सासूबाई रुसल्या आहेत. शुगर-बीपी नाही, डोळे पांढरे आहेत. मागच्या श्रावणात बंद केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीजवळ चक्कर येऊन पडले, दातखीळ बसली, जीभ चावली गेली. पाच-दहा मिनिटं कुणाला ओळखत नव्हते. कांदा हुंगवला, मग शुद्धीवर आले. तेव्हा उपासामुळे झालं असं वाटलं होतं. त्याच रात्री पुन्हा घ्यायला लागले.

वॉर्ड_नं_चार
ताई, ती चक्कर नव्हती. जीभ चावली, नंतर ओळख नव्हती, वेळ दुसऱ्या दिवसाची: ही फिटच. एकदा फिट आलेल्याला पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता जास्त, आणि दर खेपेला त्रास वाढत जातो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता बदललं. घरी नाही. ॲडमिट करून.

उद्या शुक्रवार आहे, रविवारची वाट कशाला बघायची? सकाळच्या ओपीडीला सायन हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केस पेपर काढा. केईएम, नायर, कूपरलाही हा विभाग आहे, पण विक्रोळीहून सायन सोपं. डॉक्टर सांगेपर्यंत दारू एकदम तोडू नका. सकाळची नाइंटी जबरदस्तीने हिसकावून रांगेत उभं केलं तर फिट रांगेतच येऊ शकते.

सिस्टर_पंचवीस_वर्षं
ॲडमिट होईपर्यंत आणि परत आल्यावर घरात एवढं बघा. पोटमाळ्यावर झोपवू नका, खाली जमिनीवर गादी, आणि शिडी बाजूला काढून ठेवा. गॅलरीतल्या संडासात एकटं पाठवू नका, आतून कडी नको, कुणीतरी दाराशी उभं राहायचं. रात्री छोटा दिवा चालू. अंधारात भिंतीवरचा शर्टसुद्धा माणूस वाटतो. काही दिसतंय म्हणाले तर वाद घालू नका. "मला नाही दिसत, पण मी इथेच आहे," एवढं पुरे. मुलाला त्या दिवसांत मामाकडे पाठवता आलं तर बरं. पाणी, पेज, सरबत घोट घोट, चहा-कॉफी कमी.

फिट आलीच तर घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली उशी, शेगडी आणि स्टूल लांब. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा, चप्पल, किल्ली यांनी फिट थांबत नाही, ती आपोआप थांबते तेव्हा श्रेय कांद्याला जातं. दारू बंद केल्यावर आलेल्या कुठल्याही फिटला १०८ लावा, थांबली तरी. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर फोनवर तेच आधी सांगा.

निशिगंधा
त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. जीभ चावल्याचं आठवतं म्हणाले, मोरीजवळचं काही आठवत नाही. उद्या यायला तयार आहेत, फक्त "वेड्यांच्या ओपीडीत" नको म्हणतात.

केमिस्ट_रात्रपाळी
मग मेडिसिनच्या ओपीडीत केस पेपर काढा, तिथून ते स्वतः पाठवतील. एका कागदावर लिहून न्या: रोज किती, कुठला ब्रँड, शेवटचा पेग किती वाजता, मागच्या वर्षीची फिट, कुठल्या गोळ्यांची ॲलर्जी. प्रमाण कमी करून सांगू नका, गोळ्यांचा डोस त्यावरून ठरतो. डॉक्टरांसमोर ते "एक क्वार्टर" म्हणाले तर कागद तुम्ही पुढे करा.

निशिगंधा
कागद लिहिला. ब्रँड त्यांनीच सांगितला.