वाइन शेतात ठरते की टाकीत?

दिंडोरीकर: पाहुण्यांशी वाद झाला, म्हणून धागा काढतोय. त्यांच्या मते चांगली वाइन वायनरीतल्या थंड टाक्यांची करामत. मी म्हणतो, लागवडीआधी जमिनीकडे केलेलं दुर्लक्ष कुठलाही वाइनमेकर भरून काढत नाही. वेल एकदा लावली की पंधरा-वीस वर्षं तिथेच. खाली कडक थर असेल तर आधीच फोडा, माती-पाणी तपासा, एक पावसाळा ताग नाहीतर धैंचा गाडा. नंतर मुळाखाली नांगर घालता येत नाही.

काळी_रान: चर खणून शेणखताने भरायचा, हे लाड खायच्या द्राक्षाचे! आपण कलम बांधतो तो डॉगरिज खुंट मुळातच दांडगा. त्यात एवढं खाऊ घातलं की वेल पानांतच रमते, मणी फुगतात आणि रसाच्या मानाने साल कमी पडते. शिराझ, म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष; त्याचा रंग सालीत असतो, भाऊ.

दिंडोरीकर: खत ओता असं मी कुठे म्हटलं? माती तपासायची ती काय घालू नये हे कळायलाही. पालाशचंच, म्हणजे पोटॅशियमचंच बघा. जमिनीत भरपूर असताना सवयीने ०-०-५० हे पालाशचं खत सोडत राहिलं की रसात पोटॅशियम चढतं. ते टार्टारिक आम्लाला धरून खड्यांच्या रूपात टाकीच्या तळाशी बसतं. पीएच वाढतो, रंग मंदावतो, वाइन टिकत नाही. मग वाइनमेकर बाहेरून आम्ल घालत बसतो.

चवीपुरता: फ्रान्सच्या बोर्दोत मेदोक भागातल्या नामांकित बागा गोट्यांच्या जमिनीत, पेत्र्यूस ही तिथलीच नामांकित बाग मात्र चिकणमातीवर. मग चांगली माती कुठली? तिथलेच संशोधक जेरार सेगँ यांच्या अभ्यासातून निघालं ते असं, की मातीतल्या द्रव्यांपेक्षा ती वेलीला पाणी कसं पुरवते हे मोठं. आपली तोडणी जानेवारी ते मार्च, कोरड्या दिवसांत. पाणी ठिबकच्या कॉकवर. मग थर फोडायला तुमचा जेसीबी कशाला?

काळी_रान: आता मात्र तुमच्याशीही जमत नाही. मण्यात पाणी उतरताना, म्हणजे ते पिकायला लागताना, वेलीला थोडा ताण हवा, बरोबर. पण तेव्हाच अवकाळी कोसळला तर आमच्या भारी रानात ओल हलत नाही. कॉक बंद करून काय उपयोग? मी चरांना नावं ठेवली ती शेणखताच्या. निचऱ्याचे चर हवेतच.

दिंडोरीकर: तेही लागवडीआधीच काढावे लागतात की!

काळी_रान: काढतो. पण आमच्या करारात भाव ब्रिक्स (रसातली साखर) आणि वजनावर आहे. निचऱ्याला किलोमागे किती मिळतात, ते त्या पाहुण्यांना विचारून सांगा.