मदत हवी आहे: ८ जीबीच्या लॅपटॉपवर कोणता ड्रम सॅम्पलर? ढोलकी आणि ढोल-ताशाही हवा आहे

काडी_ताशा:
नमस्कार मंडळी, मुक्काम इंदूर. गणपतीसाठी दोन गाणी घरीच बसवायची आहेत. एक दणक्याचं, ड्रमकिट अधिक ढोल-ताशा. दुसरं केरव्यातलं, ढोलकीवरचं, गायिकेची पट्टी पांढरी ४. सामान: विंडोज १०, आय-५, ८ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आणि रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर).

सध्या एक फुकटातलं ड्रम प्लगइन (रीपरमध्ये जोडायचं ड्रमचं सॉफ्टवेअर) आहे. अडचणी अशा:
१) हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) टाइपरायटरसारखा वाजतो.
२) पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो.
३) कीबोर्डवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) सापडतच नाही. टॉम सापडतात, काउबेल सापडते.
४) बाहेरून आणलेले ढोलाचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले सुटे टोल) टाकले, तर घुमारा मध्येच तुटतो.

सुपिरियर ड्रमर ३ हे विकतचं ड्रम प्लगइन घेतलं तर हे सुटेल का? की दुसरं काही घ्यावं?

खाली_भरी:
या मशीनवर सुपिरियर घेऊ नका. त्याचा कच्चा साठाच २३० जीबीच्या पुढे जातो. त्यातला थोडाच उतरवून घेता येतो हे खरं, पण फिरत्या डिस्कवरून सॅम्पल वाचताना एकाच वेळी क्रॅश, राइड आणि रूम माइक आले की कटकट ऐकू येणारच. पैसे खर्चायचेच असतील तर आधी इंदूरच्याच जेल रोडवरून एसएसडी बसवून आणा.

आणि तुमच्या पहिल्या तीन अडचणी कुठलंही प्लगइन विकत घेऊन सुटणार नाहीत.

किक: जनरल मिडीच्या नकाशात (कोणत्या नोटवर कोणतं वाद्य, याच्या ठरलेल्या यादीत) किक ३६, स्नेअर ३८, साइड स्टिक ३७, बंद हॅट ४२, पायाची हॅट ४४, उघडी हॅट ४६, क्रॅश ४९, राइड ५१. तुमचा २५ पट्ट्यांचा कीबोर्ड बहुधा ४८ ते ७२ देतो आहे. ४८ वर टॉम, ५६ वर काउबेल, म्हणजे लक्षण जुळतं. ऑक्टेव्हचं वजा बटण एकदा दाबा, सगळ्यात डावी पट्टी किक होईल. एकमेकांना सांगताना नेहमी नोटचा आकडाच सांगा. ३६ ला एक सॉफ्टवेअर सी१ म्हणतं, रीपर सी२ म्हणतं. निम्मे घोळ यातूनच होतात.

उशीर: प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग डिव्हाइस. तिथे इंटरफेस बनवणाऱ्याचाच आसिओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर निवडलेला असला पाहिजे. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ चा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, १२८ म्हणजे २.९. ड्रायव्हरचा आणि यूएसबीचा वेळ यावर आणखी. वाजवून घेताना १२८, जमलं नाही तर २५६. मिक्सिंगला १०२४ केला तरी बिघडत नाही. एवढं करूनही उशीर वाटला तर मास्टरवर लुक-अहेड लिमिटर (पुढचा आवाज आधी पाहून मोठे ठोके दाबणारा इफेक्ट) बसलाय का बघा. तो चालू ठेवून कितीही छोटा बफर घेतलात तरी बोट आणि आवाज जुळणार नाहीत.

दुगून:
हॅटबद्दल. टाइपरायटर दोन कारणांनी होतो. एक म्हणजे सगळ्या नोटांची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर, १ ते १२७) सारखी. दुसरं, प्लगइनकडे त्या जोराचं एकच सॅम्पल, म्हणून तीच फाइल पुन्हापुन्हा वाजते. पहिलं तुमच्या हातात आहे: ठोक्यावरची हॅट ९५ ते १०५, मधली ६० ते ७५. मिडी एडिटरमध्ये एच दाबलं की ह्युमनाइझ उघडतं. तिथे व्हेलॉसिटी थोडी हलवा, वेळ जवळजवळ हलवूच नका. वेळ हलवून ‘जिवंतपणा’ येतो हा गैरसमज आहे, नुसता ढिलेपणा येतो.

दुसऱ्यासाठी राउंड रॉबिन (एकाच जोराची वेगवेगळी सॅम्पल आळीपाळीने वाजणं) असलेलं किट लागतं. फुकटात एमटी पॉवर ड्रमकिट २ किंवा स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५ ची फ्री आवृत्ती घ्या. पहिलं जवळपास मिक्स होऊनच येतं, घाईच्या कामाला बरं. दुसऱ्यात किक, स्नेअर, ओव्हरहेड (किटच्या वर टांगलेले माइक) वेगवेगळ्या ट्रॅकवर काढा: एफएक्स खिडकीच्या ऑप्शन्समध्ये मल्टिचॅनेल राउटिंग बांधून देणारी आज्ञा आहे. पण वेगळे झाले म्हणून स्नेअरचा ट्रॅक पुढेमागे सरकवू नका. ओव्हरहेडमध्येही तोच स्नेअर आहे, दोघांचं अंतर बदललं की फेज (लाटांचा मेळ) बिघडून स्नेअर पोकळ होतो. विकतच हवं असेल तर अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स २ तुमच्या रॅमला झेपेल.

तिहाई:
ढोलकीसाठी बाजारातलं किट शोधण्यापेक्षा वादकाला बोलावून स्वतः सॅम्पल करा. कारण सुराचं आहे. काळी १ ला लावलेली ढोलकी पांढरी ४ ला ओढली की चार अर्धस्वर चढतात, आणि सॅम्पल साधारण २६ टक्के जलद पळतं. थाप आखडते, ढोलकी खेळण्यातली वाटते. एक-दोन अर्धस्वरांपर्यंत खपतं, पुढे नाही.

आठ बोल घ्या. त्यात डाव्या पुडीचा घिस्सा (पुडीवर हात घासून काढलेला घुमता आवाज) वेगळा बोल म्हणून हवाच, पिच-बेंडने तो कधी खरा होत नाही. प्रत्येक बोल चार जोरांत, प्रत्येक जोर तीनदा. म्हणजे ९६ फाइली. मोनो, २४ बिट, दीड सेकंदाच्या, मिळून अवघे १९ एमबी. ८ जीबी रॅमची चिंता इथे नाहीच.

माइक ३०-४० सेंटिमीटरवर, पंखा बंद, सगळ्यात मोठी थाप उणे ६ डेसिबलच्या आसपास. कापताना थापेआधीची शांतता एक-दोन मिलिसेकंदांवर आणा. तिथे २० मिलिसेकंद राहिले तर बफर कितीही कमी केला तरी वाजवताना मागे पडल्यासारखं होतं. शेवटी छोटा फेड. आणि फाइली एकेक करून नॉर्मलाइझ करू नका, हलकी आणि जोरकस थाप एकाच पातळीला येऊन चार थरांची मेहनत वाया जाते.

वाजवायला प्लोगचा सफोर्झांडो फुकट आहे, तो एसएफझेड वाचतो. ती साधी टेक्स्ट फाइल असते: प्रत्येक सॅम्पलला नोट, कमीतकमी आणि जास्तीतजास्त व्हेलॉसिटी, आणि क्रम. मी जोर असे वाटेन: १-४५, ४६-८०, ८१-१०८, १०९-१२७. तीन आवृत्त्यांना सिक्वेन्सची लांबी ३ आणि स्थान १, २, ३. सीटाला हा सॅम्पलरही सुटसुटीत आहे, १६ पॅड, पण पहिल्या आवृत्तीत एका पॅडवर एकच सॅम्पल बसतं. ढोलकीला ते अपुरं, टाळ्या-झांजांना पुरेसं.

खाली_भरी:
ढोलाचा एक मुद्दा राहिला. एकाच ढोलाचं सॅम्पल दहा ट्रॅकवर थोडं मागेपुढे चिकटवून पथक होत नाही. त्याच लाटा एकमेकींना खातात आणि आवाज नळीतून आल्यासारखा येतो. टिपरूचे (काठीचे) पाच-सहा वेगळे टोल घ्या, थापीचे (हाताचे) वेगळे. प्रत्येक ट्रॅकला वेगळा टोल, ५ ते २५ मिलिसेकंद मागेपुढे, पॅन पसरून, सूर २०-३० सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग) वरखाली. ड्रमकिटची किक आणि ढोल दोघेही ६० ते ९० हर्ट्झमध्ये भांडतात. गाणं ढोलाचं असेल तर किक १०० हर्ट्झखाली कापा, तिची नुसती टोच ठेवा. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांतलं (चित्ररथांच्या मिरवणुकीतलं) मोबाइलवरचं रेकॉर्डिंग यासाठी वापरू नका भिया, गर्दी आणि स्पीकर त्यातून वेगळे निघत नाहीत.

काडी_ताशा:
ऑक्टेव्हचं बटण दाबलं, किक मिळाली. आसिओवर १२८ बफर चालतोय. ढोल रीपरच्या स्वतःच्या सॅम्पलरमध्ये आहे, रीसँपलोमॅटिक ५००० मध्ये. घुमारा अजून तुटतो.

तिहाई:
त्यात ‘ओबे नोट-ऑफ्स’ची खूण काढा. ती असली की पट्टी सोडताच सॅम्पल थांबतं. तुम्ही टोलाची नोट आखूड लिहिली असणार. एसएफझेडमध्ये हेच काम लूप-मोडला वन-शॉट (सॅम्पल शेवटपर्यंत वाजणं) लिहून होतं. हॅटचं मात्र उलट: उघडी हॅट बंद हॅटने तुटलीच पाहिजे. बंद हॅटला गट क्रमांक २ द्या आणि उघडीला ‘ऑफ-बाय’ २.

ताशाला वन-शॉट ठेवलंत तर शेपटी १५०-२०० मिलिसेकंदांवर कापा. १२० च्या लयीत मात्रेच्या आठव्या भागाच्या (१/३२ नोटेच्या) काड्या ६२.५ मिलिसेकंदांनी पडतात. लांब शेपट्या एकावर एक साचल्या की तर्री (काड्यांची सलग जलद वाजणी) ऐकू येत नाही, फक्त खरखर येते.