मदत हवी आहे: फोकस डोळ्यांऐवजी चष्म्यावर बसतोय

नमस्कार मंडळी, आजोबांचं पोर्ट्रेट काढतोय, खिडकीच्या उजेडात. क्रॉप (छोट्या) सेन्सरचा जुना डीएसएलआर (आय एएफ, म्हणजे डोळा आपोआप ओळखून फोकस करायची सोय नाही), ५० एमएम लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/१.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं), शटर १/२००, अंतर साधारण १ मीटर. फोटो मोठा करून पाहिला की चष्म्याच्या फ्रेमवरचा ओरखडासुद्धा खणखणीत दिसतो, बुबुळ मात्र मऊ. या अंतरावर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरच शार्प मिळतं, त्यामुळे एवढी चूकही भोवते.

मधला फोकस पॉइंट डोळ्यावर लॉक करून फ्रेमिंग बदललं, तर फोकस आणखी सरकतो. कडेचे पॉइंट कमी उजेडात अडखळतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर पाहून) मॅन्युअल फोकस छान बसतो, पण तेवढ्यात आजोबा हलतात. लेन्स ट्रायपॉडवर, वर्तमानपत्रावर तपासली, ती ठीक आहे. जास्त भाग शार्प यावा म्हणून छिद्र लहान, एफ/४ केलं, तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० वरून २००० वर जातो आणि या कॅमेऱ्यात त्वचेचा पोत जातो. मला तर त्या सुरकुत्याच हव्या आहेत.

फ्लॅश त्यांना सहन होत नाही. चष्मा काढायचा नाही, त्याशिवाय ते आजोबा वाटतच नाहीत.

चष्मा असताना तुम्ही फोकस पॉइंट नेमका कुठे ठेवता, भुवईवर की डोळ्याच्या कोपऱ्यावर? की एफ/२.८ ला सलग फोटो घेणंच बरं?